पाचाचे तीन

आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला येणाऱ्या प्रत्येकाला, तो पुढे इंजिनिअर होणार असो की परिचारिका, एक सत्र लेखन शिकावं लागतं. मी ते शिकवतो. सत्र संपलं की सगळे विद्यार्थी एका सकाळी सभागृहात बसून तीन तासांत एक निबंध लिहितात, आणि पुढचे तीन दिवस आम्ही बारा शिक्षक एका लांबट खोलीत बसून ते तपासतो. निबंधावर नाव नसतं, नंबर असतो. आम्हालाही नंबरच. मी वाचक क्रमांक नऊ. प्रत्येक निबंध दोघं वाचतात, एकमेकांचे गुण न बघता. गुण एक ते सहा. दोघांची बेरीज सात झाली की विद्यार्थी सुटला. पण दोघांच्या गुणांत दोन किंवा जास्त फरक पडला, तर आधी त्या दोघांनी बोलून बघायचं, आणि नाहीच जमलं तर निबंध तिसऱ्याकडे जातो.

हे ऐकायला फार न्याय्य वाटतं. मला स्वतःलाही वाटायचं.

जे निबंध तिसऱ्याकडे जात, त्यांची मोजदाद व्हायची. प्रत्येक वाचकाच्या नंबरापुढे आकडा लिहिलेला एक कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असे. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या सत्रात माझा आकडा सगळ्यांत मोठा होता, एकोणीस. तेव्हापासून मला नावच पडलं. चहाच्या थर्मासजवळ कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय एकोणीस, आज कितीवर जाणार?" मीही हसायचो. हसण्यावारी नेलं, की लागलंय हे कुणाला दिसत नाही.

माझ्या जोडीला होते तराजूसर. तीस वर्षं हेच काम. त्यांचा हात कधी हलायचा नाही, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही. पहिल्या सकाळचा पहिला निबंध आणि तिसऱ्या संध्याकाळचा दोनशेवा, दोन्ही ते एकाच मापाने मोजत. मला त्यांचा धाक होता, आणि खरं सांगायचं तर त्यांनी मान डोलावून "हं" म्हटलं की मला दिवसभर बरं वाटायचं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हे कबूल करायला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हाती तीनशे सतरा नंबरचा निबंध आला. विषय सगळ्यांना एकच होता: तुमच्या ओळखीचा एखादा नियम बदलायला हवा असं का वाटतं, ते पटवून द्या. तोवर मी दीडशे निबंध वाचले होते आणि त्यातल्या शंभरांनी वर्गात मोबाईल वापरू द्या म्हटलं होतं. हा निबंध असा सुरू होत होता: "आमच्याकडे माणूस गेला की दोन तासांत खोली रिकामी करायची, असा नियम आहे."

लिहिणारी व्यक्ती वृद्धाश्रमात कामाला होती. तीन पानांत तिने एकच सकाळ सांगितली होती. एक म्हातारे गृहस्थ पहाटे गेले. नऊ वाजेपर्यंत त्यांचं कपाट रिकामं झालं, चादर धुवायला गेली, गादी उलटली. शेजारच्या खोलीतल्या आजी चहा पिऊन परतल्या, त्यांनी उघड्या दारातून रिकामा पलंग बघितला आणि विचारलं, "कुठे गेले?" कुणी उत्तर द्यायचं, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. मग एक वाक्य होतं, ते मी दोनदा वाचलं: "इतक्या वर्षांचा माणसाचा खड्डा गादीत असतो, गादी उलटली की तो खाली जातो पण राहतो." आणि अगदी शेवटी, तिसऱ्या पानाच्या तळाशी, मागणी: खोली निदान संध्याकाळपर्यंत तशीच ठेवावी, म्हणजे बाकीच्यांना दारात येऊन उभं राहता येईल.

शुद्धलेखनाच्या चुका होत्या. भूतकाळ-वर्तमानकाळाची सरमिसळ होती. मी पाच दिले. सहा द्यायची हिंमत झाली नाही.

तासाभराने कारकूनबाई ढकलगाडी घेऊन आल्या आणि तो निबंध पुन्हा आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. तराजूसरांनी दोन दिले होते.

"पाच?" ते म्हणाले. "कशाचे?"

"सर, तिसरं पान वाचलंत ना?"

"तिन्ही वाचली. पहिल्या परिच्छेदात मुद्दा कुठाय? शेवटच्या चार ओळींत कळतं, बाईला काय हवंय ते. आणि हे बघ, 'होते' आणि 'आहे' एकाच वाक्यात नांदतायत." त्यांनी भिंतीवरच्या गुणतक्त्याकडे बोट केलं. "मुद्दा सुरुवातीस स्पष्ट. लिहिलंय की नाही? आता मला सांग, तक्ता खरा की तुझ्या डोळ्यांतलं पाणी खरं?"

माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पण आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

"तिसऱ्याकडे पाठवू या का?" मी म्हणालो. खरं तर सांगायला हवं होतं, मी विचारलं.

कारकूनबाई म्हणाल्या, "पाठवा की. तुमच्या नंबरापुढे एक लागेल, एवढंच. या वेळी तुमचं अजून शून्य आहे."

शून्य. प्रमुखबाईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, त्याच आठवड्यात मला म्हटलं होतं की पुढच्या वर्षी नव्या वाचकांना तयार करायचं काम तुमच्याकडे द्यायचा विचार आहे. मी पेन उचललं, पाचावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी तीन लिहिले. दोन अधिक तीन, पाच. नापास. तराजूसर मान डोलावून "हं" म्हणाले, आणि मी पुढचा गठ्ठा ओढला.

पुढच्या सत्रात नापास झालेल्यांचा वर्ग माझ्याकडे आला. बावीस जण. त्यांतली एकवीस पोरं अठरा-एकोणिसांची, आणि एक बाई चाळिशीच्या. सकाळची पाळी संपवून त्या थेट वर्गात यायच्या. धुण्याच्या साबणाने हाताची बोटं सुरकुतलेली, केस घाईने बांधलेले. पोरं त्यांना पहिल्याच दिवसापासून मावशी म्हणायला लागली, कारण कुणाचं पेन संपलं की मावशींच्या पिशवीत दुसरं असायचंच.

मावशींचं लेखन व्यवस्थित होतं. "या निबंधात मी तीन कारणे मांडणार आहे." मग पहिलं कारण, दुसरं कारण, तिसरं कारण. "अशा प्रकारे मी तीन कारणे मांडली आहेत." कापूस भरलेल्या खेळण्यासारखं, सगळे अवयव जागच्या जागी आणि जीव नाही. मी समासात "नीटनेटकं" असं लिहीत होतो.

चौथ्या आठवड्यात मी एकेकाला माझ्या खोलीत बोलावलं आणि नापास झालेला निबंध सोबत आणायला सांगितलं. माझी खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि नीट न लागणारी खिडकी. मावशींनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून कागद काढले आणि माझ्यापुढे सरकवले. पहिली ओळ वाचून संपायच्या आत मी ओळखलं: तीनशे सतरा.

"सर, मला एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. त्यांनी निबंधाला टाचलेली गुणांची चिठ्ठी पुढे केली. विद्यार्थ्याला निबंध परत मिळतो तेव्हा ही चिठ्ठीही मिळते, हे मला माहीत होतं. तिच्याकडे इतकं निरखून कुणी बघत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. "हा नऊ नंबरचा वाचक. यांनी आधी पाच दिले होते. बघा, रेघेखालून दिसतात. मग तीन केले. म्हणजे त्यांना नंतर काहीतरी दिसलं असणार ना? ते मला सापडत नाहीये."

निबंधाच्या समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. काही पुसून पुन्हा केलेल्या, काही शब्दांभोवती दोन-दोन वेटोळी.

"मी ओळ न् ओळ तपासली. माझ्या मते हे असावं." त्यांचं बोट गादीच्या वाक्यावर आलं. "'खड्डा' शब्द बरा नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का कुणी? म्हणून आता मी तसलं काही लिहीत नाही."

मी म्हणालो, "वाचकांची नावं गुप्त असतात."

"नाव नको हो मला. कारण हवंय."

आणि मी काय करावं? मी घसा खाकरला आणि म्हणालो, "रचना असेल. पहिल्या परिच्छेदात मुद्दा स्पष्ट नाही. काळाची सरमिसळ आहे." तराजूसरांचे शब्द, जसेच्या तसे. मावशींनी वही उघडली आणि ते लिहून घेतले. मी थोडा थांबलोही, त्यांचं लिहून होईपर्यंत.

जाताना त्या सहज बोलल्या, तक्रारीच्या सुरात नाही, की आश्रमाने त्यांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवायचं ठरवलं होतं. त्यासाठी हा विषय सुटणं भाग होतं. सुटला नाही, म्हणून त्यांच्या जागी दुसरी गेली. "असो. पुढच्या वर्षी बघू," म्हणून त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

त्या निबंधाची प्रत मी घरी आणली. कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेलो. घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबांनी छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली. समोर छापील-लेखी काहीही आलं की त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. औषधाच्या बाटलीवरचा कागददेखील सुटत नाही. मी परतलो तेव्हा ते तिसऱ्या पानावर होते.

"चौदा चुका आहेत," ते म्हणाले. मग पुन्हा पहिलं पान वर घेतलं आणि सुरुवातीपासून वाचलं. या वेळी पेन्सिल टेबलावरच होती. "कोण आहे ही?"

"आश्रमात काम करते एक बाई. माझ्या वर्गात आहे."

"पास केलंस ना?"

"नाही."

"का?"

"म्हणजे मीच नापास केलं. आधी पाच दिले होते, मग कमी केले."

बाबांनी चष्मा काढला. "चुकून?"

मला हो म्हणता आलं असतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस चुकून झालेलं पटकन माफ करतो. पण ते माझ्याकडे बघत होते. "नाही," मी म्हणालो. "चुकून नाही."

"चुकून नाही," ते स्वतःशीच म्हणाले, आणि कागद नीट जुळवून माझ्या बाजूला ठेवले. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं की भात अजून घेणार का. मी नको म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखबाईंकडे गेलो आणि झालं ते सांगितलं.

"पण यात नियमाबाहेर काहीच झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "दोघं बोललात, एकाने गुण बदलले. बोलायचं ते त्यासाठीच असतं."

"आम्ही बोललो नाही, बाई. मी घाबरलो."

"आणि फेरतपासणीची मुदत संपून तीन महिने झाले. तुम्ही लेखी दिलंत, तर मला त्या तीन दिवसांत बदललेले सगळेच गुण काढावे लागतील. तुमच्या एकट्याचे नाही." त्यांनी खणातून नोंदवही काढली आणि बोटाने मोजायला लागल्या. चौतीस निबंध निघाले. मग त्यांचं बोट थांबलं. वही फिरवून त्यांनी माझ्याकडे केली.

चौतीसांपैकी अकरा माझे होते. मला दोन-तीन आठवत होते. अकराही वेळा गुण खाली आले होते.

"एकदाही वर नाही?" प्रमुखबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणासाठी मी तुमचंच नाव दिलंय, माहीत आहे ना? सोमवारपर्यंत विचार करा. सोमवारी काही आलं नाही, तर हे बोलणं झालंच नाही असं मी धरेन."

शनिवार-रविवार मी विचार केला, आणि खरं तेच सांगतो: न लिहिण्याच्या बाजूने केला. मावशी या सत्रात सुटणारच होत्या. बाकीचे दहा कोण, कुठले, मला ठाऊक नव्हतं. तराजूसर दुखावले जातील. विभागाचं नाव जाईल. कारणं एकामागून एक इतकी व्यवस्थित येत होती की मोजून तीन-तीनच्या परिच्छेदांत बसवता आली असती.

सोमवारी मी वर्गात पाच मिनिटं आधी पोचलो. दार अर्धं उघडं होतं. आत मावशी एका मुलीच्या बाकावर वाकून तिचं लिखाण वाचत होत्या. ती मुलगी वर्गात फारशी बोलायची नाही.

"हे छान लिहिलंयस गं, तुझ्या भावाचं," मावशी म्हणाल्या. "पण काढून टाक."

"का, मावशी?"

"असलं आवडतं त्यांना आधी. मग खोडतात. पाचाचे तीन होतात बघ. माझं झालं ना. त्यापेक्षा कारणं लिही. पहिलं, दुसरं, तिसरं."

मुलीने पेन उचललं आणि चार ओळींवर रेघा मारल्या. मी दारात उभा होतो. तिच्या पेनाचा कागदावरचा आवाज मला ऐकू आला, असं मला अजूनही वाटतं.

तास कसा घेतला, आठवत नाही. तास संपल्यावर मी मावशींना थांबायला सांगितलं. बाहेरच्या बोळात, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, आम्ही उभे राहिलो.

"तो नऊ नंबरचा वाचक मी आहे," मी म्हणालो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: "मग काय दिसलं होतं तुम्हाला?"

"काही नाही. नवं काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वाचकांनी दोन दिले होते. मला वाद नको होता. चार लोकांत हसू नको होतं."

"म्हणजे चूक नव्हतीच?"

"चुका होत्या. पण त्या पाच देतानाही होत्या."

यंत्रावर कुणाचा तरी कागद अडकला होता आणि लाल दिवा लागत-विझत होता. मावशी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "चार महिने मी शोधत बसले." मग एकदम वळल्या. "आणि परवा? तुम्ही मला रचना सांगितलीत, काळ सांगितलात. मी लिहून घेतलं तुमच्यासमोर."

"ते दुसऱ्या वाचकांचं होतं. मला तसं वाटलं नव्हतं. मी खोटं बोललो."

"म्हणजे दोनदा."

"हो. दोनदा. मावशी, मी खरंच..."

"मला मावशी पोरं म्हणतात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी मी एक पाऊल मागे सरलो. "आणि माफी नका मागू, सर. लिहून द्या. जिथं द्यायचं तिथं द्या. आणि मुद्दा पहिल्या परिच्छेदात घ्या."

त्याच दुपारी मी लिहून दिलं. एक पान. पहिल्या ओळीत लिहिलं की मी अकरा विद्यार्थ्यांचे गुण, माझं मत बदललेलं नसताना, कमी केले.

चौतीस निबंध बाहेरच्या वाचकांकडे गेले. महिन्याभराने निकाल आला. नऊ जण उत्तीर्ण झाले, त्यांतले पाच माझ्या अकरांपैकी. तीनशे सतराला एकाने पाच दिले, एकाने चार. पण आश्रमाने पाठवलेली दुसरी बाई तोवर अर्धं सत्र करून बसली होती, तिथे कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. मावशींना आता माझ्या वर्गात यायची गरज उरली नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या, मुलांना पेनं वाटली, त्या न बोलणाऱ्या मुलीशी बराच वेळ काही बोलल्या आणि गेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलीच्या पुढच्या निबंधात भाऊ परत येईल, अशी मी वाट बघितली. सत्र संपेपर्यंत तो आला नाही.

मला दोन वर्षं तपासणीतून काढलं. प्रशिक्षणाचं काम दुसऱ्याला गेलं. तराजूसर महिनाभर माझ्या वाटेने यायचे बंद झाले होते, मग एकदा जिन्यात समोरासमोर आलो. "माझे दोन आजही दोनच आहेत," ते म्हणाले. मी म्हणालो, "माहीत आहे, सर." आणि ते खरं होतं. त्यांनी स्वतःला वाटलं तेवढेच दिले होते. आमच्या दोघांत प्रामाणिक तेच होते.

पुढच्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मावशी मला कार्यालयाबाहेरच्या रांगेत दिसल्या, हातात परिचारिका विभागाचा अर्ज. नजरानजर झाली. बँकेत ओळखीचं माणूस दिसल्यावर जेवढी हलवतात तेवढी मान त्यांनी हलवली आणि पुढे बघायला लागल्या. तुम्ही अजून तसं लिहिता का, हे मला विचारायचं होतं. विचारायचा हक्क नव्हता, म्हणून पुढे निघालो.

राहिलेल्या दहांचे पत्ते आणि निबंधांच्या प्रती प्रमुखबाईंनी खूप आढेवेढे घेऊन मिळवून दिले. तिघं विद्यापीठ सोडून गेले होते. मी दहाही जणांना हाताने पत्रं लिहिली, प्रत्येकाला त्याच्या निबंधातलं जे आवडलं होतं ते सांगून. उत्तर एकच आलं, सोडून गेलेल्यांपैकी एकाचं. त्याने लिहिलं होतं: "सर, तुमचं पत्र मिळालं. मी गोदामात काम करतो, बरं चाललं आहे. ते निबंधाचं मी विसरून गेलो होतो. आता परत आठवलं."

याला काय उत्तर लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.